बनियनही सोसवेना

पत्र :

डॉक्टर मॅडम, आम्ही कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय ७१. तरुणपणी तालमीतले पैलवान. खांदा निखळलेला असताना त्यांनी कुस्ती मारली होती, ती गोष्ट पेठेत अजून सांगतात. आठ महिन्यांपूर्वी त्यांना छातीच्या डाव्या बाजूला नागीण उठली. घरच्यांनी आधी गावाकडे नेऊन उतरवून घेतली, काव लावली. डॉक्टरांकडे गेलो तो सहावा दिवस. फोड तीन आठवड्यांत वाळले, दुखणं मात्र आजही तसंच. बनियन अंगाला लागलं की डोळ्यांत पाणी येतं. पंखा लावू देत नाहीत. झोप नाही. एक्स-रे, रक्त, ईसीजी सगळं नॉर्मल. शुगर आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो, रोज दोन. एका डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली, ती आबांनी फेकून दिली, ‘मी काय येडा हाय का’ म्हणाले. आता डॉक्टर म्हणतात, पेन क्लिनिकला जा, भूलतज्ज्ञ इंजेक्शन देऊन नस ब्लॉक करतील. आई घाबरलीय. या वयात भूल? पाय गेले तर? काका म्हणतात, सगळं मनाचं आहे. कधी कधी मलाही तसं वाटतं आणि मग स्वतःची लाज वाटते. आणि एक विचारायचं आहे. ते सहा दिवस मी घालवले म्हणून हे झालं का?
– एक मुलगा, कोल्हापूर

उत्तर :

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं पत्र तुम्ही त्याच्याच ओझ्याखाली लिहिलं आहे असं दिसतं.

नागिणीवर विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू कराव्यात हे खरं आहे. त्यांनी फोड लवकर वाळतात, सुरुवातीची आग कमी होते. पण फोड गेल्यावर महिनोन्महिने राहणारं दुखणं त्या गोळ्यांनी हमखास टळतं, असं आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. वेळेवर गोळ्या घेतलेल्या, सगळं नीट केलेल्या माणसांनाही ते राहतं. वय साठीच्या पुढे असेल, सुरुवातीलाच जोराचं दुखत असेल, फोड भरपूर असतील, तर शक्यता वाढते. तेव्हा ‘तुमच्यामुळे झालं’ असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुम्हीही स्वतःला सांगू नका. पुढच्या वेळी घरात कुणाला असे फोड दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, एवढं पुरे.

नागीण उतरवणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांचं काम सोपं असतं, इतकंच. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण विषाणू जात नाही. कण्याच्या शेजारी, प्रत्येक नस मज्जारज्जूत शिरते तिथल्या बारक्या गाठीत तो पन्नास-साठ वर्षं दबा धरून बसतो. वय किंवा आजार यांनी अंगातली राखण सैल झाली, की त्या एकाच नसेच्या वाटेनं कातडीवर उतरतो. म्हणून पट्टा उठतो तोही एकाच बाजूला. ‘नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो’ ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. पण डाव्या बरगडीची नस डावीकडेच संपते, ती उजवीकडे जातच नाही, मग तोंड-शेपटी मिळणार कशी? आणि फोड तर दोन-चार आठवड्यांत आपले आपणच वाळतात. उतरवणाऱ्याला अपयश येणंच अवघड.

आता काका. त्यांना सांगा, हे मनाचं नाही, नसेचं आहे. आणि नसेचं आहे म्हणूनच रिपोर्ट नॉर्मल येतात. एक्स-रे हाड दाखवतो, ईसीजी हृदय. ‘ही नस विनाकारण ओरडते आहे’ असं छापून देणारं मशीन आपल्या नेहमीच्या तपासण्यांत नाही. ती गोष्ट फक्त आबा सांगू शकतात, आणि ते सांगत नाहीत. त्याकडे नंतर येते.

कातडीतून दोन तऱ्हेच्या तारा आत जातात असं समजा. स्पर्शाच्या तारा जाड आणि वेगवान, सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास. आग-ठणक सांगणाऱ्या सगळ्यात बारीक तारांचा वेग सेकंदाला जेमतेम मीटरभर, रंकाळ्याच्या काठानं निवांत फिरणाऱ्या माणसाइतका. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की ‘लागलं’ हे आधी कळतं आणि ठणका क्षणभरानं मागून येतो, तो यामुळे. विषाणूनं आबांच्या एका नसेतल्या या तारा कुरतडल्या. जखमी तारेवर सोडियमची सूक्ष्म दारं असतात, ती वेळीअवेळी उघडायला लागतात. बाहेर काही घडलेलं नसताना संदेश सुटतात. विजेसारखी कळ येते, भाजल्यासारखं होतं. आठवडेच्या आठवडे असा मारा झाला की मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होतात आणि साधा स्पर्शही त्यांना वेदना म्हणून ऐकू येऊ लागतो. तुमच्या पत्रातलं बनियन आणि पंखा म्हणजे नेमकं हेच. फोड गेल्यावर तीन महिन्यांनीही दुखत राहिलं तर डॉक्टर त्याला वेगळा आजार मानतात. आबांना आठ महिने झालेत.

तरी तुमच्या मनातला खरा प्रश्न उरतोच. निखळलेल्या खांद्यानं कुस्ती मारणारा माणूस बनियनला कसा हरतो?

दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाचे हार्वर्डचे भूलतज्ज्ञ इटलीच्या आघाडीवर होते. मोठ्या जखमा झालेल्या सैनिकांना ते विचारत, दुखण्यावर काही देऊ का? बहुतेक जण नको म्हणत. त्यांनी १९४६ मध्ये हे प्रसिद्ध केलं. ते सैनिक दगडाचे नव्हते. मेंदूतून मज्जारज्जूकडे एक ब्रेक उतरतो आणि वर येणारी वेदना वाटेतच दाबतो. झटापटीत, जिवावर बेतलं असताना, समोर जिंकण्याजोगं काही असताना तो ब्रेक कचकचून लागतो. मैदानात, हलगी वाजत असताना, आबांचा तो लागला होता. आता रात्री दोन वाजता, अंधारात, झोप नसताना लागत नाही. आणि खांदा निखळला तेव्हा तारा शाबूत होत्या, आता ताराच नासल्या आहेत. दोन्ही वेळा माणूस तोच आहे. म्हणून तुम्हाला लाज वाटायचं कारण नाही, आणि आबांना तर मुळीच नाही.

त्यांनी फेकून दिलेली गोळी याच ब्रेकची होती. अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन असणार. ही औषधं जुनी, मूळची उदासीनतेवरची, पण त्याहून कमी मात्रेत ती मेंदूकडून उतरणारा हा ब्रेक घट्ट करतात, म्हणून नसेच्या दुखण्यावर देतात. लिहून देणाऱ्यानं हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर गोळी कचऱ्यात गेली नसती. आम्हा डॉक्टरांची ही खोडच आहे. आबांना ‘येडा’ कुणी ठरवलेलं नाही हे त्यांना सांगा. पण ७१ व्या वर्षी ही गोळी सरसकट चालतेच असं नाही. लघवीला अडतं का, बद्धकोष्ठ आहे का, हृदयाची काही तक्रार आहे का, हे बघूनच ती परत सुरू करायची. नाही जमली तर गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन आहेत. या गोळ्या रात्रीच्या वेळी, कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. झोप येते, तोल जातो, पायांवर सूज येऊ शकते. पहिले आठ-दहा दिवस रात्री उठताना कुणीतरी सोबत हवं. साखरेच्या रुग्णाचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालताहेत ते सांगणारी रक्ततपासणी, पाहून मात्रा ठरवावी लागते. दोन-तीन दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका, तीन-चार आठवडे द्या. आणि बंद करायची तर तीही हळूहळू, डॉक्टरांना विचारून.

मेडिकलमधल्या त्या रोजच्या दोन गोळ्या मात्र थांबवा. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक सुजेच्या दुखण्यावर चालतात, नासलेल्या तारेवर त्यांचा जवळपास उपयोग नसतो. मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडांना आणि जठराला त्या रोज मार देतात. फायदा नाही आणि तोटा पक्का, असा सौदा आपण एरवी कुणाशी केला नसता.

आता आईंची भीती. तीस वर्षं लोकांना भूल दिल्यावर मला या गैरसमजाची सवय झाली आहे. भूलतज्ज्ञ म्हणजे माणसाला बेशुद्ध करणारा डॉक्टर, एवढंच लोकांना ठाऊक असतं. खरं तर आमचं निम्मं काम नसांचं. कुठली नस कुठून निघते, कुठं वळते, तिच्या शेजारी काय आहे, सुई कुठे थांबवायची, हे आम्ही रोज करतो. म्हणूनच जगभर दुखण्याचे दवाखाने मुख्यतः भूलतज्ज्ञांनी काढले.

आणि त्यातला पहिला मोठा माणूस कोण होता ते आबांना नक्की सांगा. जॉन बोनिका. १९१७ साली इटलीतल्या फिलिकुदी नावाच्या चिमुकल्या बेटावर जन्मले, लहानपणी अमेरिकेत गेले आणि वैद्यकीय शिक्षणाच्या खर्चासाठी कुस्त्या खेळले. तोंडाला मास्क लावून ‘मास्क्ड मार्व्हल’ या नावानं! दिवसा डॉक्टरकी, रात्री फड. कान आपल्या पैलवानांसारखेच चेपलेले. महायुद्धात लष्करी रुग्णालयात भूल द्यायला गेले, तर समोर असे सैनिक की ज्यांच्या जखमा भरल्या पण दुखणं गेलं नाही. तिथून त्यांनी नस ब्लॉक करण्याचं तंत्र घासून घासून पक्कं केलं. १९५३ मध्ये वेदनेवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ पुढे या शास्त्राचा पाया ठरला. त्यांच्याच पुढाकारानं १९७३ मध्ये वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. स्वतः कुस्तीतल्या दुखापतींचे भोग त्यांनी आयुष्यभर भोगले, शस्त्रक्रिया करून घेतल्या, आणि दुखतंय हे ते लपवत नव्हते. याच संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या खुलाशात एक कलम आहे : माणूस दुखतंय म्हणाला, तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा. हे काकांना वाचून दाखवायला हरकत नाही.

ब्लॉकमध्ये प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. आबा जागेच असतील, तुमच्याशी बोलत असतील. कुशीवर किंवा पालथं झोपवतात, कातडी स्वच्छ करून आधी बारीक सुईनं ती जागा बधिर करतात. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर बरगडी, स्नायू, फुप्फुसाचं आवरण बघत सुई नसेच्या जवळ नेतात आणि बधिर करणारं औषध सोडतात. बहुतेकदा सोबत थोडं स्टेरॉइडही असतं. हे औषध म्हणजे दात काढताना देतात त्याच कुळातलं. त्यातलं लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं. मघाशी सांगितलेली सोडियमची दारं ते तात्पुरती बंद करतं, काही काळ तारेतून संदेशच जात नाही. कामाला अर्धा तास, नंतर तास-दोन तास नजरेखाली ठेवतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात.

पायांचं म्हणाल, तर बरगडीच्या नसेचा पायांशी संबंध नाही. सुई बरगडीखाली किंवा कण्याच्या कडेला जाते. कण्याच्या आतल्या पोकळीत औषध सोडायचं ठरलं तर पाय काही तास जड वाटू शकतात, मग परत हलके होतात. धोका अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. रक्तस्राव, संसर्ग, नसेला इजा, आणि छातीच्या भागात फुप्फुसाच्या आवरणाला सुई लागणं, हे क्वचित होतं. म्हणूनच सोनोग्राफी, म्हणूनच नंतर थांबवून ठेवणं. घरी आल्यावर धाप लागली, ताप आला किंवा पायांतली ताकद कमी वाटली, तर उद्यावर न टाकता त्याच तासाला फोन करा.

जाण्याआधी तीन गोष्टी सांगायला विसरू नका. रक्त पातळ करायची गोळी, अगदी अ‍ॅस्पिरिनसुद्धा, चालू असेल तर ती. ती आपल्या मनानं बंद करू नका, दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतील. दुसरी, शुगर. स्टेरॉइडनं ती काही दिवस चढते, तेव्हा आठवडाभर घरी रोज तपासा आणि चढली तर शुगरच्या डॉक्टरांना कळवा. तिसरी, कुठल्या औषधानं पूर्वी अंगावर उठलं असेल तर तेही.

फळ किती मिळेल? काहींना ब्लॉकनं महिनोन्महिने आराम पडतो, काहींना आठवडाभर, काहींना फक्त औषधाचा अंमल असेपर्यंत. तेवढा काळ जरी दुखणं गेलं तरी ते फुकट नाही, कारण आपण बरोबर नसेपाशी पोचलो हे त्यातून कळतं. मग पुढची पायरी ठरवता येते. नसेजवळ नेलेल्या सुईतून विजेच्या लहरींचे स्पंद देणं, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, हा एक मार्ग आहे. त्यात तापमान ४२ अंशांच्या आत ठेवतात, नस जाळत नाहीत. ‘एका इंजेक्शनात कायमचं बरं’ असं कुणी म्हणालं, तर मी तुमच्या जागी असते तर चपला शोधल्या असत्या. निम्मं दुखणं उतरलं, आबा सलग पाच तास झोपले आणि सदरा घालून कट्ट्यावर जाऊन बसले, तर कुस्ती आपण मारली असं समजा.

आणि कुठे जायचं, तर तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या ठिकाणी जा. खर्च झेपत नसेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे तुमच्याकडच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, चौकशी करा. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात बधिरीकरण विभाग असतोच. दुखण्याच्या रुग्णांना कोण बघतं आणि कुठल्या वारी, ते तिथे विचारा.

कातडीवर लावायच्या दोन गोष्टी आहेत. एक लिग्नोकेनचा पॅच, अखंड कातडीवर, दिवसातून जास्तीत जास्त बारा तास. दुसरी आपल्या कोल्हापूरकरांच्या ओळखीची : मिरचीतलं कॅप्सेसिन. तांबड्या रश्श्यानं तोंडाची आग होते ती खरं तर चव नसते. उष्णता ओळखणारं एक दार नसांच्या टोकावर असतं, त्यालाच मिरची फसवते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं ते दार १९९७ मध्ये शोधलं, २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या दाराला सतत डिवचलं की नसेचं टोक थकून गप्प बसतं, या तत्त्वावर कॅप्सेसिनचं मलम निघालं. ते डॉक्टरांना विचारूनच लावा. सुरुवातीला आग वाढते, सगळ्यांना सोसत नाही, आणि लावल्यावर हात न धुता डोळ्याला लावला तर घर डोक्यावर घ्याल. कृपा करून घरची कांदा-लसूण चटणी लावून बघू नका. हसू नका, असे रुग्ण मी पाहिले आहेत.

मधल्या काळात बनियनचं एक करा. सैल बनियन चालताना घासतं आणि तेच टोचतं. अंगाला घट्ट बसणारं, मऊ, जुनं सुती बनियन अनेकांना जास्त सोसतं. काही जण त्या पट्ट्यावर स्वयंपाकघरात अन्न झाकायला वापरतात ती पातळ प्लास्टिकची फिल्म (क्लिंग रॅप) गुंडाळून वर सदरा घालतात. दिसतं विचित्र, पण चालतं.

एक सावधगिरी मात्र ठेवा. दुखणं छातीच्या डाव्या बाजूला आहे. जळजळ ओळखीची असेल तर ठीक. पण नवं, दाबल्यासारखं दुखणं, घाम, धाप किंवा हाताकडे-जबड्याकडे जाणारी कळ असेल तर ‘नागिणीचंच असेल’ म्हणून घरी थांबू नका. मधुमेह्यांत हृदयाचा झटका कधी कधी फारसं दुखवत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता आबांचं न बोलणं. पेन क्लिनिकमध्ये पहिला प्रश्न असेल, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? आबा म्हणतील, ‘हाय थोडं.’ आणि सगळं तिथेच अडकेल. तालमीत वस्तादांनी पहिला धडा दिलेला असतो, समोरच्याला दुखतंय हे कळू द्यायचं नाही. तो धडा इथे घात करतो. म्हणून ‘दुखतंय का’ असं विचारूच नका. रात्री किती वेळा उठलात? आज सदरा किती वेळ अंगावर ठेवला? नातवाला मांडीवर घेतलंत का? असं विचारा आणि उत्तर साध्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा. पंधरा दिवसांची वही डॉक्टरांपुढे ठेवा, आबांना बोलावंच लागणार नाही. आणि त्यांच्यासमोर आईंशी ‘बिचारे’ असं बोलू नका. त्यांना डाव समजतो. कळ कुठून निघते, कुठल्या नसेवर पकड घ्यायची, ते पडद्यावर दाखवून सांगितलं तर ते ऐकतील असं वाटतं.

आईंना सांगा, त्यांनीही आपली काळजी घ्यावी. नागिणीची नवी लस भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. महाग आहे, आणि एक-दोन दिवस दंड दुखतो, ताप येतो. पण चांगलं संरक्षण देते. फोड वाळून गेलेले असतील तर पुढच्या फेऱ्यापासून बचाव म्हणून आबांनाही ती घेता येते, फक्त आताचं दुखणं तिनं कमी होणार नाही. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या सुझेट्रिजिन या नव्या गोळीचा मेसेजही येईल. तीही सोडियमची दारंच बंद करते. पण मंजुरी ताज्या, थोड्या दिवसांच्या दुखण्यासाठी आहे, आबांच्या दुखण्यासाठी नाही. तो मेसेज पुढे पाठवायची घाई नको.

ब्लॉक झाला की पहिल्या रात्री आबा किती वाजेपर्यंत झोपले, ते मला कळवा.